एकच सिलिंडर, स्पेअर नाही

बुधवार, 30 ऑगस्ट 2023, रात्री साडेदहा
श्रूजबरी

ओमू,

व्हॉट्सअॅपवर काहीही पाठवलं की तुझा नुसता अंगठा येतो म्हणून मेल करतेय. निवांत वाच, लेक्चर चालू असताना नको. राखी आणि बेसनाचे लाडू काल पोस्टात टाकलेत. राखी छोटीने स्वतः केलीये, निळा लाल चंदेरी, आपल्या पेट्रियट्सचे कलर, तुला सांगायला नको. ती 30 ला बांधायची का 31 ला यावरून आत्याच्या ग्रुपवर भद्रेचं महाभारत चाललंय, तू पार्सल मिळेल त्या दिवशी रूममेटकडून बांधून घे आणि फोटो पाठव, अंगठा नको.

आता फ्रीजवरचा कागद. तू जायच्या आधी, पेट्रियट्स यंदा कुठले 53 खेळाडू ठेवतील याचा अंदाज दोघांनी आपापला लिहिला होता तो, सिद्धिविनायकाच्या मॅग्नेटखाली अजून तसाच आहे, काल रात्री लाल पेन घेऊन बसले. तुझे 47 बरोबर, माझे 45. पण डेमारिओ डग्लस माझ्या यादीत होता आणि तुझ्या नव्हता हे मी विसरणार नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं निवडतात तिथे, 210 नंबरचा पिक, 5 फूट 8 इंच, तू म्हणालास प्रॅक्टिस स्क्वॉडवर, 53 बाहेरच्या सरावाच्या पोरांत जाईल, मी म्हणाले या पोराला पकडून दाखवा आधी. बाबांनी विचारलं कोण डग्लस. तू गेल्यापासून या घरात माझं ऐकणारं कुणी नाही रे.

तर काल दुपारी चारला टीमांनी 53 ची यादी ठरवायची डेडलाइन, मी मीटिंगमध्ये, कॅमेरा बंद, मांडीवर फोन. आपला दुसरा क्वार्टरबॅक झॅपी, त्याला काढलं असं दिसलं तर मला वाटलं चुकून आलंय, दोन मिनिटांनी बघते तर मलिक कनिंगहॅमलापण काढलेलं. म्हणजे रोस्टरवर क्वार्टरबॅक किती, तर एक. मॅक जोन्स, बास. आपल्या दोघांच्या यादीत झॅपी होता, आपण तर त्यावर चर्चासुद्धा केली नव्हती, कारण दुसरा क्वार्टरबॅक ठेवायचा का नाही हा प्रश्न असू शकतो हेच कुणाच्या डोक्यात आलं नसतं. नव्वदातून 53 ठेवायचे, त्यात माणूस दोन किकिंगवाले ठेवतो, बॉल मागे फेकायला एक स्पेशल माणूस ठेवतो, आणि ज्याच्या हातात सगळा खेळ त्याला बदली माणूस नाही?

तुला आठवत नसेल पण माझ्या लहानपणी कोल्हापुरात गॅस संपला की नंबर लावायचा आणि मग दिवसच्या दिवस वाट बघत बसायची. ज्याच्याकडे डबल सिलिंडर तो श्रीमंत. एका सिलिंडरवाल्या घरात दर दोन दिवसांनी आई सिलिंडर हलवून बघायची किती उरलाय ते, आणि पाहुणे येणार म्हटलं की रॉकेलचा स्टोव्ह पुसून ठेवायची. आपल्या कोच बेलिचिकने तो स्टोव्हपण ठेवला नाही.

आणि हे कुठल्या टीमने करावं? गेल्या वर्षीच काय झालं होतं बघ. मॅकचा घोटा गेला रेव्हन्सच्या मॅचला. पुढच्या आठवड्यात ग्रीन बेला त्याच्या जागी हॉयर उतरला, त्याच्या डोक्याला लागलं, मग तिसरा म्हणजे झॅपी. तिसरं सिलिंडर लागलं होतं राव आपल्याला! त्याच पोराने पुढे लायन्सना 29-0 आणि ब्राउन्सना 38-15 असं जिंकून दिलं, आणि बेअर्सच्या मॅचला आपलं अख्खं जिलेट स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होतं, मी नि तू सोफ्यावरून ओरडत होतो. आणि यंदा नियमही आलाय ना तो इमर्जन्सी क्वार्टरबॅकचा, फोर्टी नायनर्सचे दोन्ही क्वार्टरबॅक जानेवारीत फिलाडेल्फियात एकाच मॅचला जखमी झाले तेव्हापासून ज्याची बोंब होती तो. तूच मला समजावलंस की तो तिसरा माणूस 53 मधलाच लागतो. म्हणजे लीगने खास सोय केली आणि आपण ती घेतलीच नाही.

आबांना काल रात्री फोनवर सांगितलं, तिकडे सकाळ होती, चहा चालला होता. आयुष्यभर शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणच्या मॅचा बघितलेला माणूस, अमेरिकन फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आन् ह्यो पडला म्हंजे?" मला उत्तर देता आलं नाही. बेलिचिकला पत्रकारांनी किती फिरवून फिरवून विचारलं असतं, आबांनी चार शब्दांत विचारलं.

आता तुझी बाजू पण लिहिते नाहीतर म्हणशील आई एकतर्फी बोलते. हिशेब असा दिसतोय की झॅपीला वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे हवा त्याने उचला म्हणून सोडलं, तरी बाकीच्या 31 टीमांपैकी कुणी उचलणार नाही, मग त्यालाच प्रॅक्टिस स्क्वॉडवर परत घ्यायचं आणि मधल्या वेळात ती जागा क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमध्ये वापरायची, तिथे तशीही बोंबच आहे, रविवारी त्या लाइनसाठी दोन टॅकल ट्रेड करून आणले ते काय उगाच. आणि आज दुपारी बारापर्यंत खरंच कुणी त्याला घेतलं नाही. तो परत आला, कनिंगहॅमपण येतोय. म्हातारा जिंकला. पण मोबाईलवर बोलत बोलत फोडणी दिली आणि भाजी करपली नाही म्हणून तसंच करावं का? एका जरी टीमने हात वर केला असता तर? आणि प्रॅक्टिस स्क्वॉडवरून एका माणसाला सीझनमध्ये तीनदाच वर आणता येतं, मग पुढे त्याला घ्यावंच लागणार 53 मध्ये. बिचाऱ्या झॅपीच्या मनाचं काय झालं असेल हा वेगळाच विषय. 31 टीमांनी तुझ्याकडे बघितलं आणि नको म्हणाल्या, आणि आज परत त्याच लॉकरपाशी.

दहा सप्टेंबरला ईगल्सची मॅच आहे, हाफटाइमला आपल्या जुन्या क्वार्टरबॅकचा, ब्रेडीचा सत्कार. तुझ्याच कॉलेजचा की तो, तिथे भिंतीभिंतीवर फोटो असतील. 2000 साली याच बेलिचिकने चार क्वार्टरबॅक ठेवले होते, ब्लेडसो, फ्रीझ, बिशप आणि चौथा 199 नंबरचा तो काटकुळा पोरगा, हाच ब्रेडी. चौथा! तेव्हा पण लोक म्हणाले असतील की एक जागा फुकट घालवली.

पण खरं सांगू, झॅपीपेक्षा मला आपल्या किकरचं, निक फोकचं जास्त लागलं. 38 वर्षांचा माणूस. 2020 ला कापला, परत बोलावला, 2021 ला कापला, परत बोलावला, दरवेळी बॅग घेऊन आला आणि गपचूप किक मारत राहिला. 50 यार्डांच्या आतली किक चुकतच नव्हती, गेल्या वर्षी लीगचा विक्रम मोडला त्याने. आणि त्याला टेनेसीला देऊन टाकला, त्यांचा कोच व्रेबलकडे, बदल्यात काय तर 2025 च्या ड्राफ्टमधला सातव्या फेरीतला पिक. अरे तेव्हा तुझं दुसरं वर्ष संपत आलेलं असेल. रद्दीवालासुद्धा जागेवर पैसे देतो! आणि हे कशासाठी, तर यंदाच्या ड्राफ्टला चौथ्या फेरीत वर सरकून घेतलेला किकर चॅड रायलंड. पोरगा असेल चांगला, पाय जोरदार आहे, मान्य. पण किकर ड्राफ्ट करायची यांची हौस मला माहितीये, 2020 ला पाचव्या फेरीत रोरवॉसर घेतला होता, एकही खरी मॅच खेळला नाही आपल्यासाठी. यंदा टचडाउन मुश्किलीने होणार, तीन-तीन पॉइंटवर मॅचा जाणार, आणि तेव्हा थंडीत वाऱ्यात तिथे उभं कोण राहणार, बावीस-तेवीस वर्षांचं पोर. एखादी मॅच किकवर गेली ना, तर मी हा मेल तुला परत पाठवीन.

एक आयझाया बोल्डनचं बघून गप्प झाले. सातव्या फेरीतला, ग्रीन बेला स्ट्रेचरवरून नेला तो. त्या शनिवारी आपण तुझ्या खोलीत बॉक्स भरत होतो, टीव्ही बाहेर चालू होता, तू हातात टेप घेऊन तसाच दारात उभा राहिलास, मग त्यांनी मॅचच थांबवली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून सोडला तेव्हा बरं वाटलं. पण त्याचं यंदाचं वर्ष गेलंच, इंजर्ड रिझर्व्हवर, जखमींच्या यादीत टाकलाय. आपल्या दोघांच्या यादीत त्याच्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह आहे, ते लाल पेनने खोडावंसं वाटलं नाही. आणि काल एका दुपारी 37 गुणिले 32, अकराशेच्या वर पोरांना हाका मारून सांगितलं की प्लेबुक परत द्या, म्हणजे घरी जा. आया असतीलच ना त्यांना. बरं ते जाऊ दे.

बाबा विचारतायत लाँड्री केली का. मी विचारत नाही, मला माहितीये.

तुझी
आई

ता.क. गुरुवार, 31 तारीख. मेल रात्री ड्राफ्टमध्येच राहिला, बरं झालं, कारण आज नवीनच. कॅरोलायनाने सोडलेला क्वार्टरबॅक मॅट कॉरल आपण वेव्हर्सवरून उचलला! म्हणजे शेवटी दुसरं सिलिंडर आणलंच, पण शेजाऱ्याने बाहेर काढलेलं. हा तोच रे, गेल्या ऑगस्टला जिलेटला आपण प्रीसीझन बघायला गेलो होतो, तिकडच्या टीममधल्या ज्या पोराचा पाय आपल्याच ग्राउंडवर दुखावला आणि अख्खं वर्ष गेलं तो. गाडीत येताना तू मला सांगितलं होतंस की कॅरोलायनाने त्याला घेतलं तो 94 नंबरचा पिक आपल्याचकडून घेतला होता, आणि बदल्यात आलेल्या 137 वर आपण झॅपी घेतला, वर त्यांचा यंदाचा तिसऱ्या फेरीतला पिक, ज्यातून मापू नावाचा पोरगा आला. म्हणजे कॉरलचा पिक विकून झॅपी आणला, झॅपीला खाली बसवून कॉरललाच आणला. ऑफेन्सच्या सगळ्या चाली दहा दिवसांत कशा पाठ करणार तो, देव जाणे.

कागदावर खाली पेन्सिलने लिहून ठेवलाय, कुणाच्याच बाजूला नाही. पॉइंट कुणाला द्यायचा ते सांग.