१६० एकर पुरले का नाहीत?

संपादक महाशय,

अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर वसलेल्या पहिल्या शेतकऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कॅन्सस-नेब्रास्काच्या पश्चिमेकडून परतलेली कुटुंबं कष्टाला कंटाळली, असा त्याचा सूर आहे. हा त्या लोकांवर अन्याय आहे. चूक जमिनीच्या मापात होती.

१८६२च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर मिळत. एकूण शुल्क १८ डॉलर, अट पाच वर्षं राहून कसण्याची. हे माप म्हणजे चौरस मैलाचा चौथा हिस्सा. ओहायो-इलिनॉयकडे वर्षाला ९००-१००० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे ते भरपूर होतं. पण १००व्या रेखांशाच्या पश्चिमेला पाऊस ५०० मिलिमीटरच्या खाली जातो, आणि कायद्याने तिथेही तेवढेच एकर मोजून दिले.

पहिल्या वर्षाचं काम बघा. कुरण फोडायचं ते मे-जूनमध्ये, गवत जोमात वाढत असताना, आणि दोन-तीन इंचच खोल. तेव्हा उलटलेली गवताच्या मुळांनी बांधलेली मातीची ढेप उन्हाळ्यात कुजते आणि शरद ऋतूत दुबार नांगरट करता येते. घाई केली, उशीर झाला किंवा नांगर खोल गेला, तर मुळं जिवंत राहतात आणि गवत परत उठतं. पहिल्या साली हाती लागायचा तो कुऱ्हाडीने ढेपेत खाच पाडून टोबलेला मका. घरासाठी लाकूड नव्हतं, म्हणून त्याच ढेपांच्या भिंती. ढेपा ओलसर असतानाच कापायच्या, गवताची बाजू खाली ठेवून रचायच्या, मधूनमधून एक थर आडवा घालायचा. त्या दिवशी लावता येतील तेवढ्याच कापायच्या, कारण वाळलेली ढेप भुगा होते.

खरी कोंडी कुंपणाची. १६० एकरांचा चौरस तुकडा म्हणजे दोन मैलांचा घेर. साडेसोळा फुटांवर एक याप्रमाणे ६४० डांब, आणि तीन पदरी कुंपणाला सहा मैल तार. अमेरिकन शेतकरी ग्लिडनचं काटेरी तारेचं पेटंट १८७४चं, त्याआधी तर सोपा उपायच नव्हता. कुंपण नसलं की मोकाट गुरं पीक खाणार. बरं, शेती सोडून गुरंच पाळावीत, तर कोरड्या कुरणात एका गाईला २०-२५ एकर लागतात. म्हणजे १६० एकरांत सहा-आठ गाई! एवढ्यावर कुटुंब कसं चालावं?

हे सरकारला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. भूगर्भतज्ज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८च्या अहवालात कोरड्या मुलखासाठी स्पष्ट मापं दिली होती: ओलिताची शेती असेल तर ८० एकर, चराऊ असेल तर २,५६० एकर, आणि प्रत्येक तुकड्याला पाण्याचा काठ. त्यांचं ऐकलं गेलं नाही. आपल्या सीलिंग कायद्यातही बारमाही ओलिताला १८ आणि जिरायतीला ५४ एकर अशी वेगळी मर्यादा आहे. जमीन पाण्याच्या हिशेबाने मोजायची असते, हे आपल्या कायद्यात निदान गृहीत धरलेलं आहे.

सुधारणा उशिरा आल्या. १९०४ साली पश्चिम नेब्रास्कापुरते ६४० एकर, १९०९ साली कोरडवाहूसाठी ३२० एकर, पण त्यातही आठव्या हिश्शावर पीक घेण्याची अट. केवळ चराईच्या जमिनीसाठी ६४० एकर देणारा कायदा १९१६चा. तोवर कित्येक कुटुंबं कर्ज काढून, गाशा गुंडाळून गेली होती.

आणखी एक. लेखात या जमिनीला ‘ओसाड’ म्हटलं आहे. तिथे पॉनी, लाकोटा, शायेन हे मूळनिवासी लोक राहत होते, पॉनी तर नदीकाठी मका पिकवत होते. त्यांना हलवल्यानंतर ती जमीन ‘मोकळी’ झाली. लेखमालेच्या पुढच्या भागात एवढा उल्लेख यावा आणि सोबत पर्जन्यमानाचा नकाशा छापावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, अकोला