ब्रेक धरतोय? आधी निपल उघडून बघ

रत्नागिरी

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार. गाडी डावीकडे ओढते, मायलेज उतरलंय आणि चाकापाशी जळका वास येतो म्हणतोस, म्हणजे पुढचा डावा ब्रेक धरत असणार, पाय काढला तरी सुटत नसणार. पण गॅरेजवाल्यानं चाकही न खोलता चाकाबरोबर फिरणारी डिस्क, तिला घासून थांबवणारे पॅड आणि ते दाबणारा कॅलिपर सगळंच बदलायला सांगितलं, हे काही पटलं नाही. पावसाळाभर अंगणात उभी होती ना गाडी? मग आधी काय अडकलंय ते बघू.

सपाट रस्त्यावर थोडी चालवून आण, ब्रेक जमेल तितका कमी मार. उतरल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघ. लावू नकोस, भाजेल. डावं उजव्यापेक्षा बरंच तापलं असेल तर संशय खरा. निवल्यावर मागच्या चाकांना दगड लाव, गाडी उचल आणि खाली स्टँड दे. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करायचं नाही, हे तुला दटावूनच सांगतो. चाक हातानं फिरव. पॅड डिस्कला किंचित घासतातच, त्या खसखशीनं घाबरू नकोस. वहिनींना एकदा ब्रेक दाबून सोडायला सांग. नंतर चाक हलेना, तर खरी परीक्षा इथेच.

कॅलिपरवर ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू असतो, तो निपल. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोड आणि निपल जरासा ढिला कर. ब्रेक ऑइल पिचकारीसारखं आलं आणि चाक सुटलं, तर कॅलिपर बिचारा निर्दोष आहे. दाब आत कोंडला होता. एकच चाक धरत असेल तर बहुधा रबरी होज, म्हणजे कॅलिपरला ऑइल आणणारी नळी. बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतून फुगतो. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं, परत यायला मात्र वाट मिळत नाही. एकापेक्षा जास्त चाकं धरत असतील तर पेडलच्या जोरानं सगळ्या चाकांना ऑइल ढकलणारा मास्टर सिलेंडर बघ, आणि त्याही आधी पेडलला थोडा मोकळा प्ले आहे का, म्हणजे ते सुरुवातीला जरासं सैल दबतं का ते.

निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं तर कॅलिपरच्या पिना अडकल्यात, नाहीतर पॅड ढकलणारा पिस्टन. निपल परत आवळ आणि कॅलिपर खोल. तो होजवर लोंबकळत ठेवू नकोस, तारेनं स्प्रिंगला बांध. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या ओढून बघ. माझी पैज यांच्यावरच आहे. पिनेवरचा रबरी बूट फाटला की पाणी शिरतं, ग्रीस वाळून काळा चिकटा होतो आणि पिन गंजते. ब्रेक क्लीनरनं पुसून सिलिकॉन ग्रीस लाव. बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस नको, रबर फुगतं. पेट्रोलनंही धुऊ नकोस. फाटलेले बूट बदल. पॅडचे कान बसतात त्या खाचांतला गंज तारेच्या ब्रशनं काढ, पण ती धूळ फुंकू नकोस.

पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पनं हळू दाब. आधी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल थोडं काढ, नाहीतर उतू जाऊन रंग खाईल. एरवी पिस्टनला मागे आणते ती त्याच्याभोवतीची चौकोनी रबरी सील. ब्रेक दाबला की ती पीळ खाते, सोडला की सरळ होते. पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले असतील तर मात्र सीलचा इलाज चालायचा नाही, तिथे खर्च आलाच.

सगळं जोडून झालं की निपलमधून ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढ, टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल भर आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मार. ऑइल दोन वर्षांवर गेलं असेल तर पूर्णच बदल. ते हवेतलं पाणी पितं आणि आतून गंज धरतो. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरं असताना किमान २३० अंश, पाणी पिल्यावर १५५ पर्यंत उतरतो; उतारावर ब्रेक तापून ऑइल उकळलं तर ब्रेकच लागत नाही, आंबा घाटात येणाऱ्या माणसानं हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पुढच्या पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवलीस तर हँडब्रेक ओढू नकोस, मागच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाक आणि चाकांना दगड लाव.

निपल गंजून हलतच नसेल तर जोर करू नकोस, मोडेल. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेव, आणि तरी हलला नाही तर मला फोन कर, रविवारी येतो.

तुझा,
बाळ्या