कॅमेऱ्याच्या बजेटात रिगिंगचा एक दिवस धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमी खर्चात चित्रपट आणि वेबमालिका करू पाहणाऱ्या मराठी मुलांसाठी सध्या बरेच लिहिले जाते. त्यात कॅमेऱ्याची बॉडी, सेन्सर, लेन्स यांवर भरपूर चर्चा असते. तीच बॉडी स्टुडिओत ट्रायपॉडवर आणि तासाभराने खांद्यावर नीट कशी बसवायची, याला मात्र एक ओळही मिळत नाही. सेटवर वेळ वाया जातो तो नेमका इथे. म्हणून निर्मात्यांना आग्रहाची विनंती आहे की, शूटिंगच्या आधी एक पूर्ण दिवस फक्त रिगिंग (कॅमेऱ्यावर बाकीचे सामान जोडणे) आणि तपासणीसाठी ठेवा आणि भाड्याच्या सामानाबरोबर येणाऱ्या अटेंडंटसह सगळा कॅमेरा विभाग त्या दिवशी हजर राहील असे बघा.

सुरुवात रॉडपासून, म्हणजे लेन्सच्या खालून पुढे जाणाऱ्या दोन समांतर दांड्यांपासून करावी लागते, कारण मॅट बॉक्स (लेन्सपुढची, नको असलेला प्रकाश अडवणारी आणि फिल्टर धरणारी चौकट), फॉलो फोकस (फोकस फिरवायचे चाक), फोकसची मोटर आणि लेन्सचा आधार हे सगळे बहुधा रॉडवरच उभे असते. हलक्या रिगला १५ मिमीचे रॉड वापरतात. दोन रॉडच्या केंद्रांत ६० मिमी अंतर असते आणि रॉडच्या केंद्रापासून लेन्सच्या अक्षापर्यंतची उंची ८५ मिमी असते. स्टुडिओच्या जड रिगला १९ मिमीचे रॉड लागतात, त्यांचे अंतर १०४ मिमी. छोट्या मिररलेस कॅमेऱ्याला स्वस्त केज (बॉडीभोवतीची धातूची चौकट) लावताना ही ८५ मिमीची उंची सर्रास चुकते. मग मॅट बॉक्सचे केंद्र लेन्सच्या केंद्राशी जुळत नाही. वाइड लेन्सवर फ्रेमचा कोपरा काळा पडतो, नाहीतर मॅट बॉक्सच्या मागच्या फटीतून आलेला प्रकाश फिल्टरवर पडून चित्रात भुतासारखी प्रतिमा उमटते. उपाय साधाच आहे : बेसप्लेट (कॅमेऱ्याखालची रॉड धरणारी पाटी) आणि केज यांच्यामध्ये योग्य जाडीचा राइझर, म्हणजे उंची वाढवणारा तुकडा घालायचा. तो आदल्या दिवशी शोधता येतो, सकाळी सात वाजता सेटवर सापडत नाही.

स्टुडिओत वजनाला घाबरायचे कारण नाही, ते पेलणारी साखळी मात्र पक्की हवी. ॲरी कंपनीच्या अलेक्सा ३५ या सिनेकॅमेऱ्याची बॉडी २.९ किलोची आहे. तिच्यावर अँजेन्यूचा २४-२९० मिमी हा झूम लेन्स लावला की एकट्या लेन्सचेच ११ किलो होतात. हे वजन माउंटवर (बॉडीच्या ज्या कड्यात लेन्स बसते त्यावर) कधीही टांगू नये. आधी लेन्सचा आधार रॉडवर बसवून त्याची उंची जुळवायची, मगच माउंटची रिंग आवळायची. आधार जास्त वर उचलला गेला तरी माउंटवर ताण येतोच. त्यानंतर डोव्हटेलवर (ट्रायपॉडच्या हेडवरच्या सरकपट्टीवर) कॅमेरा पुढेमागे सरकवून तोल साधायचा, आणि तो साधताना हेडचा टिल्ट ड्रॅग (वर-खाली हलताना होणारा मुद्दाम ठेवलेला अवरोध) शून्यावर हवा. ड्रॅग ठेवून साधलेला तोल फसवा असतो. तोल मिळाला की डोव्हटेलवर टेपने खूण करावी, प्रत्येक लेन्ससाठी वेगळी.

हँडहेल्डसाठी, म्हणजे खांद्यावरच्या शूटिंगसाठी, याच रिगमधून काय काढायचे आणि काय तसेच ठेवायचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. बॉडी, बेसप्लेट, टॉप हँडल, बॅटरी प्लेट आणि त्यांच्यातल्या केबल हा गाभा दिवसभर सुटा होऊ देऊ नये. डोव्हटेल, १९ मिमीचे रॉड, मोठा मॅट बॉक्स आणि झूम उतरवायचे. त्यांच्या जागी प्राइम (झूम नसलेली) लेन्स, क्लिप-ऑन मॅट बॉक्स, आखूड १५ मिमी रॉड, शोल्डर पॅड आणि रोझेटवर (दातेरी चकतीवर) बसणारी दोन हँडल येतात. खांद्यावर कॅमेरा शक्य तितका हलका असावा, हा समज चुकीचा आहे. किलोभर वजनाची बॉडी हातात धरली की श्वास आणि बोटांचा थरकापसुद्धा चित्रात दिसतो. रिगला थोडे वजन आले की ते वजनच हे बारीक हादरे गिळते. मात्र भार पॅडच्या बरोबर वर हवा. नाक जड झाले की मनगटे कॅमेरा वर धरण्यात थकतात आणि तिसऱ्या टेकला फ्रेम खाली झुकू लागते. अशा वेळी मागे वेगळी वजने टांगण्याआधी बॅटरी आणि (चित्र बिनतारी पाठवणारा) ट्रान्समीटर मागे न्यावेत. हँडल इतकी खाली असावीत की कोपर बरगड्यांना टेकेल.

एकाच पाव इंची स्क्रूवर मॉनिटर किंवा हँडल लावले की ते फिरणारच. कितीही आवळा, फिरणारच. तिथे दोन स्क्रू, नाहीतर फिरू न देणाऱ्या पिनांचा माउंट घ्यावा.

फोकस मोटरचा दातेरी गिअर ०.८ मॉड्यूलचा (हे दात्यांचे माप) असतो. तो लेन्सवर फार दाबला तर फोकस फिरताना चित्र बाजूला उडी मारते, सैल ठेवला तर दाते सुटतात आणि फोकसच्या खुणा खोट्या ठरतात. सोनीच्या ई-माउंटवर सिनेलेन्ससाठीचा पीएल अडॅप्टर असेल तर अडॅप्टरचा पाय बेसप्लेटला कसलाच पाहिजे. ई-माउंटचे फ्लँज अंतर (माउंटपासून सेन्सरपर्यंतचे) १८ मिमी आणि पीएलचे ५२ मिमी, म्हणजे मधली ३४ मिमीची नळी जड लेन्सचा भार घेऊन छोट्या माउंटला वाकवत राहते.

सर्वांत महाग चुका विजेच्या असतात. बॉडी, मॉनिटर, ट्रान्समीटर आणि मोटर मिळून साधारण ८० वॅट लागत असतील, तर ९८ वॅट-तासांची बॅटरी कागदावर सव्वा तासाच्या आतच संपते, आणि प्रत्यक्षात ती तासाभराने बदललेली बरी. १४.४ व्होल्टला हा प्रवाह साडेपाच अँपिअरच्या वर जातो. व्होल्टेज उतरते तसा तो आणखी वाढतो, म्हणून जुनी बॅटरी वीस टक्के दाखवत असतानाही मोटरचा झटका बसला की कॅमेरा बंद पडतो. अलेक्सा ३५ ला २४ व्होल्टच्या बी-माउंट या जोडणीच्या बॅटऱ्या लागतात. घरच्या १४.४ व्होल्टच्या व्ही-माउंट बॅटऱ्या तिला थेट चालत नाहीत.

एसडीआयचा (कॅमेऱ्यातून चित्र बाहेर नेणाऱ्या केबलचा) क्रम तर सेटवरच्या प्रत्येकाला पाठ हवा. मॉनिटरला किंवा ट्रान्समीटरला आधी वीज जोडायची, नंतर एसडीआय केबल. काढताना आधी एसडीआय, नंतर वीज. क्रम उलटला आणि डी-टॅपचा (बॅटरीवरून वीज घेणाऱ्या प्लगचा) निगेटिव्ह नीट टेकलेला नसेल, तर उपकरणाचा प्रवाह एसडीआयच्या वाटेने कॅमेऱ्यात शिरतो आणि आउटपुटची चिप जळते. बॉडीची दुरुस्ती होईपर्यंत शूटिंग थांबते. स्वस्त डी-टॅप केबल जोर लावला की उलटीसुद्धा बसते, तीही आदल्या दिवशीच बाजूला काढावी. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲक्सेसरी सॉकेटमधून वीज घेता येत असेल तर तीच घ्यावी. पंख्याच्या जाळ्यांवर प्लेट किंवा टेप आली नाही ना, हेही तेव्हाच पाहावे. बॉडी तापली की पंख्याचा वेग वाढतो आणि ध्वनिमुद्रकाला टेक टाकून द्यावा लागतो.

रॉड आणि प्लेट बाहेरूनच मागवल्या पाहिजेत असेही नाही. कोल्हापूरला शिरोलीत किंवा पुण्याला भोसरीत हे काम करणारे कारखाने आहेत. ड्रॉइंगमध्ये ६० आणि ८५ ही मापे द्या आणि भोक नुसते ड्रिल नको, रीम केलेले (नेमक्या मापाला गुळगुळीत कापलेले) हवे असे लिहा. नाहीतर रॉड क्लॅम्पमध्ये डुलतो.

तपासणीच्या दिवशी स्टुडिओ ते हँडहेल्ड आणि पुन्हा स्टुडिओ हा बदल घड्याळ लावून दोनदा करून पाहावा, आणि लागलेली मिनिटे शेड्यूल बनवणाऱ्या सहायक दिग्दर्शकाला लेखी द्यावीत.

– एक फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा कॅमेरा सहायक), गोरेगाव, मुंबई