चुकीचं आठवणारं चित्र

प्रिय समीर,

तुझा कच्चा कट पाहिला. कॅमेरा त्याचंच चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे रोखला की जो फीडबॅकचा बोगदा दिसतो, तो तुझ्याकडे तीन सेकंदांत पांढरा पडतो, तो ऑटो एक्स्पोजरमुळे. कॅमेऱ्यासमोर त्याचंच चित्र असतं, म्हणून तो उजेड प्रत्येक फेरीत नव्याने मोजतो आणि वाढवत नेतो. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल कर, गेन (कॅमेरा सिग्नल किती वाढवतो ते) तळाला ने, खोलीत अंधार कर. शटर 1/50 किंवा 1/60 सेकंद, पडद्याच्या रिफ्रेशशी जुळेल ते; नाहीतर पट्टे सरकत राहतात. कॅमेरा पाच-सात अंश कलवलास तर भोवरा, 60 अंश कलवलास तर सहा पाकळ्या. काहीच उमटलं नाही तर पडद्यासमोरून टॉर्च एकदा फिरव, तेवढी ठिणगी पुरते. 1963 मध्ये बीबीसीने 'डॉक्टर हू' मालिकेची शीर्षकं याच युक्तीवर केली. फक्त लखलखाट सेकंदाला तीनपेक्षा जास्त नको, काही प्रेक्षकांना त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो.

पण बोगद्याने अंतराळ वाटतं, भीती वाटत नाही. भीतीसाठी डेटामॉश घे, म्हणजे व्हिडिओ फाइल मुद्दाम मोडायची. त्यात जुन्या चेहऱ्यावर नव्या शॉटची हालचाल चढते. चेहरा तोच, पण त्याला चालवणारं दुसरंच कुणी. मॉन्स्टरचा मेकअप याच्यापुढे फिका.

1968 चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा भयपट अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा आहे (नाव बदलताना प्रिंटवरची कॉपीराइटची सूचना गळली!), तेव्हा त्याचं फुटेज घे. आधी ग्रेन (फिल्मचे दाणे) हलका काढ. नाहीतर एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल करणारा प्रोग्रॅम) दाण्यांनाच हालचाल समजतो आणि नुसता चिखल होतो. मग दोन शॉट जोडून एक्सव्हिड कोडेकने एव्हीआय फाइल कर. बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमवर टेकणारी) शून्य, की-फ्रेममधलं कमाल अंतर 300 फ्रेमच्या पुढे. आवाज आत्ताच वेगळा काढून ठेव, फ्रेम कमी-जास्त झाल्या की तो जुळणार नाही.

दोन शॉटच्या जोडावर एन्कोडर स्वतःच आय-फ्रेम, म्हणजे आख्खं चित्र साठवणारी की-फ्रेम, टाकतो. दुसऱ्या शॉटची ती पहिली आय-फ्रेम उडव. फाइलच्या अगदी सुरुवातीची मात्र ठेव, ती गेली तर चित्राला आधारच उरत नाही. नंतर मध्येच चित्र एकदम स्वच्छ झालं तर आणखी एक आय-फ्रेम लपलीय असं समज.

शॉट निवडताना घाई नको, सगळं इथेच ठरतं. पहिला शॉट स्थिर, जवळचा, गालावर ठळक सावली असलेला. दुसऱ्यात एकाच दिशेची संथ हालचाल: दार उघडणं, कॅमेरा बाजूला सरकणं. धावपळ घेतलीस तर दहा फ्रेममध्ये चेहरा हरवतो आणि बघणाऱ्याला घाबरायला काही राहत नाही. एकच पी-फ्रेम (आधीच्या फ्रेमपासूनचा फक्त बदल साठवणारी) 20-30 वेळा चिकटवली तर चेहरा मेणासारखा ओघळतो. सबंध तुकड्यात एकदाच कर, दुसऱ्यांदा ती करामत वाटते.

मोडलेली फाइल कुणाला देऊ नकोस, प्रत्येक प्लेअर ती वेगळी दाखवतो. नीट चालते त्या प्लेअरवर लाव, स्क्रीन रेकॉर्ड कर आणि आवाज त्यावर बसव.

नवा कट झाला की पाठव.

तुझा,
अनिरुद्ध