भाट्याच्या पुळणीवरचा मासा आणि तुझा जुना प्रश्न

रत्नागिरी,
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी सर्व क्षेम आहे. आईने तिचे वेगळे पत्र घातले आहेच, म्हणून मी थेट ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो तिच्याकडे वळतो. परवा भाट्याच्या पुळणीवर माझ्या गळाला एक मासा लागला आणि त्याच्यामुळे, तू सहा वर्षांची असताना मी तुला दिलेले एक उत्तर चुकीचे होते, हे मला कळले. ते दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते.

परवा नवमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे गणित तुला मीच शिकवले होते. त्या हिशेबाने पूर्ण भरती पावणेसातच्या सुमारास होणार होती. काजळी नदीच्या मुखापासून थोडा दक्षिणेला सरकून, लाटा जिथे उथळ वाळूवर फुटतात तिथे, मी साडेचारला काठी लावली. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी जोराची, भरती असल्यामुळे पाण्याला ओढ बेताची होती. आमिषाला ताजी कोळंबी होती आणि अपेक्षा मुडदुशीची, फार तर एखाद्या शेंगाळ्याची.

सूर्य बुडाल्यावर थोड्या वेळाने काठीचे टोक सावकाश खाली गेले आणि तसेच राहिले. शेंगाळा ओढतो तसा झटका नव्हता, तांबोशीची धाव नव्हती. एखादे जड ओले पोते वाळूत रुतून बसावे तसे वाटत होते. आकडा दगडात अडकला असे समजून मी तंगूस (गळाची दोरी) सैल सोडला, तेव्हा ते पोते हळूहळू उत्तरेकडे चालू लागले. पुढची पंधरा मिनिटे मी एक हात आत घ्यावा आणि त्याने दोन हात परत न्यावा असे चालले. शेवटी गुडघाभर पाण्यात पाठीवरचे दोन पंख उभे दिसले आणि जवळ पागाने, म्हणजे फेकायच्या जाळ्याने, बोय मासे धरणाऱ्या मुलांनी मुशी, मुशी असा गलका केला. मलाही मुशीच, म्हणजे लहान शार्कच, वाटली.

त्या मुलांबरोबर एक वयस्क खारवी मच्छीमार होते. त्यांनी पाण्यातच मासा अलगद उलटा केला, बॅटरीच्या उजेडात पोट दाखवले आणि मुशीचे कल्ले अंगाच्या बाजूला असतात, हिचे खाली आहेत, तेव्हा ही पाकटाच्या, म्हणजे त्या चपट्या पसरट माशाच्या, कुळातली आहे, असे सांगितले. मुक्ता, त्या क्षणी मला तुझा आवाज ऐकू आला. अशाच एका संध्याकाळी, याच पुळणीवर मिळालेला असाच लांब नाकाचा मासा मी घरी आणला होता आणि मागीलदारी तो स्वच्छ करत असताना तू विचारले होतेस, "बाबा, हिचे कल्ले पोटावर का?" मी हातातले काम न थांबवता उत्तर दिले होते की मुशीचे तसेच असतात. तू पाहिलेले बरोबर होते आणि मी न पाहता बोललो होतो.

परवाचा मासा जेमतेम अडीच फुटांचा होता. वरून अगदी ओल्या वाळूचा रंग, खालून पांढरा; टोकदार लांब नाक, त्यामागे पाकटासारखे पसरट अंग आणि शेवटी मुशीसारखी जाड शेपटी. या आकारामुळे त्याला गिटार मासा म्हणतात. पाकट पंख हलवून पोहते, हा मात्र शेपटीच्या जोरावर पोहतो, म्हणून पाण्यात पाहताना फसायला होते. डोळ्यांच्या मागे दोन छिद्रे होती आणि ती सारखी उघडमीट करत होती. वाळूत पोट टेकून पडल्यावर तोंडाने पाणी घेतले तर वाळू आत जाईल, म्हणून वरच्या या छिद्रांतून पाणी घ्यायचे आणि खालच्या कल्ल्यांतून सोडायचे, अशी ही रचना आहे. तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच होते. तोंडातले दात टोकदार नसून बारीक आणि बोथट होते, खेकडे आणि कोळंबी भरडण्यासाठी केलेले. नराच्या मागच्या परांजवळ दोन दांडकी असतात, ती नव्हती. म्हणजे मादी, आणि ही जात दोन मीटरपर्यंत वाढत असल्याने वयाने अगदी लहान.

खारव्यांनी सांगितले की त्यांच्या तरुणपणी रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, असे मासे नेहमी येत, आता कधीतरी एखादा दिसतो. ते खरे असले पाहिजे. 2019 साली जगभरच्या अभ्यासकांनी मोठे गिटार मासे आणि त्यांचे जवळचे नातलग अशा 16 जाती तपासल्या, तेव्हा त्यांतल्या 15 नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहेत असे ठरले आणि त्याच वर्षी त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली. हे मासे अंडी घालत नाहीत, थोडी पिल्ले जिवंत जन्माला घालतात आणि तीही उथळ वाळूत वाढतात. ट्रॉलर आणि जाळी नेमकी तिथेच फिरतात. शिवाय त्यांच्या परांना परदेशात फार मोठी किंमत मिळते.

आकडा ओठाच्या कडेला होता. मी हात ओले केले, मासा शेपटीने न उचलता पोटाखाली आधार देऊन पाण्यातच ठेवला आणि पकडीने आकडा काढला. फोटो काढण्याचा मोह फार झाला, कारण तुला दाखवायचा होता, परंतु त्यासाठी तिला पाण्याबाहेर काढावे लागले असते. हात सोडला तरी ती लगेच पळाली नाही. तिथेच वाळूवर बसली, अंगाच्या कडा हलवून तिने वर वाळू ओढून घेतली आणि काही वेळ फक्त दोन डोळे दिसत राहिले. पुढची लाट ओसरली तेव्हा तिथे सपाट वाळू होती आणि वर नवमीचा चंद्र.

घरी येऊन मी माळ्यावरची तुझी ट्रंक उघडली. पहिलीच्या चित्रकलेच्या वहीत तो मासा आहे. नाक लांब काढले आहेस आणि पोटावर दोन्ही बाजूंना पाच पाच रेघा ओढल्या आहेस, मोजून बरोबर. खाली तुझ्या अक्षरात, माझ्या सांगण्यावरून, "मुशी" लिहिलेले आहे. तो कागद पत्रासोबत पाठवतो आहे. तुझा शब्द मी खोडलेला नाही; शेजारी पेन्सिलीने "गिटार मासा" एवढेच लिहिले आहे.

तुझे,
बाबा