पंखा पण लागतो आणि चादर पण लागते

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

एकाच वेळी गरम पण वाटतं आणि गार पण वाटतं त्यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. सोमवारीच लिहिणार होते पण पाणी यायचा दिवस होता, आणि पाणी आलं की सोलापुरातली बाई दुसरं काही करू शकत नाही हे आपल्याला सांगायला नको. म्हणून आज लिहितेय. राग मात्र रविवारचाच आहे, शिळा झालेला नाही.

लेख छान आहे, म्हणजे चौकटी छान आहेत, रंग छान आहेत. पहिलं कारण रजोनिवृत्ती, दुसरं ताणतणाव, तिसरं थायरॉईड, मग दोन योगासनं, मग भरपूर पाणी प्या, संपलं. आख्ख्या लेखात ताप हा शब्द एकदाच सापडला, तोसुद्धा 'मनस्ताप' मध्ये. आणि फोटो कुणाचा, तर एक गोरी बाई, गळ्यात मफलर, हातात कॉफीचा मग, खिडकीबाहेर बर्फ. आमच्याकडे बर्फ फक्त रसाच्या गाड्यावर दिसतो हो साहेब.

अहो, मलेरियाला आपण हिवताप म्हणतो. हिव पण आणि ताप पण. आपल्या आज्या-पणज्यांनी कारण शब्दातच बांधून ठेवलंय आणि तुमच्या लेखकाला तेवढंच आठवलं नाही!

मला एवढं का लागलं ते सांगते. गेल्या वर्षी गणपतीला मी मुंबईला नणंदेकडे होते, सगळे मिळून सहा दिवस. परत आल्यावर पंधरा-एक दिवसांनी दुपारी भाकरी थापता थापता अशी हुडहुडी भरली की परात वाजायला लागली. बाहेर ऊन, तव्याची धग, आणि मी गारठलेली. दोन चादरी घेतल्या, सोलापुरी बरं का, पातळ नाही, तरी दात वाजतायत. तासाभरात तेच अंग असं पेटलं की चादरी फेकून पंख्याखाली जाऊन बसले, मग घाम, मग झोप. उठले तर एकदम ठणठणीत, स्वयंपाक केला, भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी जवळच्याच एका दवाखान्यात नेलं, कुठला ते लिहीत नाही. डॉक्टरांनी वय विचारलं, ४९. पाळी विचारली, म्हटलं चार महिने नाही. झालं! मान पण वर केली नाही. "मावशी, या वयात असं होतंच, मन रमवा, कॅल्शियम लिहून देतो." थर्मामीटर त्यांच्या खिशाला होता साहेब, पेनाच्या शेजारी, मी डोळ्यांनी बघत होते. तो खिशातच राहिला. बाहेरगावी गेला होतात का एवढंसुद्धा विचारलं नाही. आणि आमचे हे, त्यांनी तर घरी येऊन जाहीरच करून टाकलं की हिचं वय झालंय, कुणी तिच्या नादी लागू नका.

मी कॅल्शियम खात बसले. एक दिवस बरी, एक दिवस थरथर. शेवटी सासूबाई, वय ८१, शाळेचं तोंड न बघितलेल्या, खाटेवरून म्हणाल्या, "परवाला आली, काल न्हवती, आज आली. अगं ही पाळीची थंडी हाय, एकांतरा हाय. रगत बघा तिचं." डॉक्टरांनी माझी पाळी विचारली, सासूबाईंनी तापाची पाळी मोजली, एवढाच फरक. सरकारी दवाखान्यात बोटाला टोचून काचेवर रक्त घेतलं, पैसा लागला नाही, आणि व्हायवॅक्स मलेरिया निघाला. ३ दिवस क्लोरोक्विन आणि पुढे १४ दिवस प्रायमाक्विन. ती १४ दिवसांची मध्येच सोडायची नाही कारण हे जंतू लिव्हरमध्ये दडून बसतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत उठतात, आणि ती सगळ्यांना चालत पण नाही, म्हणून शेजारणीची उरलेली खायची नाही. माझी शेजारीण मागायला आली होती म्हणून लिहिलं. आणि दरवेळी ताप असा शहाण्यासारखा पाळी धरून येतो असं पण नाही, सुरुवातीला रोज पण येतो, त्यामुळे दिवस मोजत बसू नका, रक्त तपासा.

माझा भाचा फार्मसी शिकतो, त्यानं समजावलं की ताप चढताना मेंदू आपल्या गिझरचं बटण ९८ वरून १०३ वर नेऊन ठेवतो, अंग तर अजून ९९ लाच असतं, म्हणून ते स्वतःला गार समजतं आणि थरथरून ऊब तयार करतं. हातापायाचं रक्त आत ओढलं जातं म्हणून तळवे गार आणि पोट तव्यासारखं. बटण खाली आलं की घाम. एवढं साधं तुमच्या लेखात एका चौकटीत बसलं असतं, फोटोतल्या बर्फाच्या जागी.

बदलत्या वयामुळे होत नाही असं माझं म्हणणं नाही. आता मला ते पण होतंय, तिकडून पण सुटका नाही. पण ते वेगळं कळतं. छातीतून मानेवर, कानापर्यंत भाजल्यासारखं चढतं, दोन-चार मिनिटं, मग घाम, आणि तो वाळताना काटा येतो. त्यावेळी थर्मामीटर लावला तर ९८ च दाखवतो. मेनोपॉजनं कुणाला १०३ ताप येत नाही. म्हणजे आधी थर्मामीटर, मग बाकीची कारणं. ताप असेल तर मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड, नाहीतर लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं, त्यात तर कंबरेच्या वर एका बाजूला दुखून अशी थंडी वाजते की खाट हलते. म्हाताऱ्या माणसांना मात्र कधी कधी इन्फेक्शन असून ताप येतच नाही, त्यांचं वेगळं बघावं लागतं.

ताप नसेल तरी सगळं वयावर आणि टेन्शनवर ढकलायचं नाही. माझे दीर, साखरेची गोळी चालू, श्रावणी सोमवारचा कडक उपवास धरून, गोळी तेवढी न चुकता घेऊन सिद्धेश्वराला गेले. रांगेत उभे असताना म्हणे आतून आग आग होतेय पण घाम गार येतोय, हात कापतायत, आणि उगाच पुढच्या माणसावर खेकसले. लोकांना वाटलं स्वभाव. (तो पण आहे.) शुगर मोजली तर ५२ निघाली, ७० च्या खाली गेली की धोकाच. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, तेव्हा माणसात आले.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! पत्र्याच्या शेडमध्ये मागावर उभा राहणारा माणूस मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत म्हणतो मला थंडी वाजतेय, अंग ओलं आणि गार लागतं, तेव्हा त्याला ऊन लागलेलं असतं. लगेच सावलीत आडवं करून मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. बडबडायला लागला किंवा अंग १०४ च्या वर गेलं तर पाणी पाजत बसायचं नाही, अंगावर पाणी ओतत राहायचं आणि १०८ ला फोन करायचा. सोलापूरच्या पेपरमध्ये हे नाही आणि मफलर आहे.

जाता जाता, फेब्रुवारीत मी आपल्याला डेंग्यूच्या डासांवर पत्र पाठवलं होतं. पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून घरोघरी ड्रम भरलेले, त्या स्वच्छ पाण्यातच तो डास होतो, नुसता ड्रम रिकामा करून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात, घासून धुवावा लागतो, असं दीड पान लिहिलं होतं. आपण छापलं "डासांचा बंदोबस्त व्हावा" आणि खाली माझं आडनाव, ते पण चुकीचं. यावेळी कापायचंच असेल तर दिरांचा किस्सा कापा, ते पेपर वाचतात. थर्मामीटरचं तेवढं राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक, साखर पेठ, सोलापूर
(नाव छापू नये, आडनाव तर नकोच)