लाईट गेली, पण लिहिलेलं राहिलं: काका, तुमचे आभार

फोंडा, गोवा

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी दुपारी लाईट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या हे तेव्हाच कळलं, कारण तोही तत्क्षणी बसला. वर्गात चौदा मुलं होती, प्रत्येकाची एक व्हीएम (सर्व्हरवर चालणारा आभासी संगणक) चालू होती आणि सगळी डेटाबेसवर काम करत होती. खोलीत एकदम काळोख झाला. अर्ध्या तासाने लाईट आली. आधी स्टोरेज (सगळ्यांचा डेटा ठेवणारा सर्व्हर), मग दोन्ही प्रॉक्समॉक्स होस्ट (व्हीएम चालवणारी मशीनं), मग व्हीएम, अशा तुम्ही ठरवून दिलेल्या क्रमाने मी सगळं चालू केलं. चौदाही व्हीएम उठल्या. ज्या नोंदीला 'कमिट' झाल्याचं, म्हणजे पक्की लिहिल्याचं, उत्तर आलं होतं, ती प्रत्येक नोंद जागेवर होती. त्याच संध्याकाळी हे पत्र लिहायला घेतलं.

मागच्या जुलैत तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाची माझी अवस्था तुम्ही पाहिली आहे. व्हीएम तेव्हा होस्टच्याच डिस्कवर होत्या. एक डिस्क गेली आणि सहा मुलांचं काम तिच्याबरोबर गेलं. साखळीहून येणाऱ्या मुलीने गावच्या वाचनालयासाठी बनवलेली नोंदवहीही त्यातच होती. तिला काय सांगू हे मला सुचत नव्हतं. तुम्ही मला कोणतंही मशीन घ्यायला सांगितलं नाहीत. वही मागितलीत आणि गणित मांडलंत.

ते पान मी जपून ठेवलं आहे. ७२०० आरपीएमची डिस्क म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, सरासरी अर्धी फेरी ४.२. वाचणारं-लिहिणारं हेड जागेवर जायला आणखी आठेक. म्हणजे इकडचं-तिकडचं एक काम साधारण १२ मिलिसेकंदांचं, सेकंदाला जेमतेम ८०. चार डिस्कचा रेडझेड (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल असा गट) केला तर जागा तीन डिस्कची मिळते, पण अशा विखुरलेल्या लेखनात चौघी मिळून एकीसारख्याच चालतात. तेवढ्या ऐंशीत चौदा व्हीएम. दोन-दोनचे मिरर केले (जोडीतल्या दोघींवर तेच लिहिलं) तर लेखन दुप्पट होतं आणि वाचन चारही डिस्क वाटून घेतात. चार-चार टीबीच्या डिस्क होत्या, मला बारा टीबी हवे होते, मी आठवर आले. त्याच पानावर खाली तुम्ही १० गिगाबिटच्या कार्डावर काट मारलीत: एवढ्या बारीक लेखनाने गिगाबिटची केबलसुद्धा भरत नाही. ते पैसे रॅमला आणि यूपीएसला गेले.

मी आणलेल्या डिस्क तुम्ही परत पाठवल्यात, तेव्हा खरं सांगते, मला राग आला होता. त्या एसएमआर होत्या. मग तुम्ही खिडकीतून शेजारच्या छपराकडे बोट दाखवलंत. एसएमआर डिस्कवर ट्रॅक (लिहिण्याच्या गोल रेघा) कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. शाकारणी पाहत मोठी झालेल्या माणसाला याहून अधिक समजवावं लागत नाही. आता प्रत्येक नव्या तुकडीला मी तेच छप्पर दाखवते.

पण मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः सिंकसाठी, म्हणजे लेखन खरंच डिस्कवर उतरल्यावरच 'लिहिलं' म्हणायच्या शिस्तीसाठी. एनएफएसवर (नेटवर्कवरून स्टोरेज वापरायची पद्धत) व्हीएम संथ चालत होत्या. कुठेतरी वाचून मी झेडएफएसवर (स्टोरेजच्या डिस्क सांभाळणारी प्रणाली) सिंक बंद केलं. सगळं पळायला लागलं आणि मी आनंदाने तुम्हाला फोन केला. तुम्ही दुसऱ्याच दिवशी म्हार्दोळहून पहिल्या बसने आलात. म्हणालात, "आता हा सर्व्हर 'लिहिलं' म्हणतो तेव्हा ते फक्त रॅममध्ये असतं. व्हीएम त्याच्यावर विश्वास ठेवून पुढे जाते." आणि चाचणीच्या व्हीएममध्ये नोंदी चालू ठेवून तुम्ही माझ्यासमोर स्टोरेजची वायर उपटलीत. शेवटच्या काही सेकंदांच्या, कमिट झालेल्या नोंदी नाहीशा झाल्या. सिंक पुन्हा चालू करून परत उपटलीत. तेव्हा एकही गेली नाही.

तारवावर आणीबाणीचा जनरेटर दर आठवड्याला चालवून पाहतात, न चालवलेला जनरेटर आहे असं धरतच नाहीत, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलंत. इतकी वर्षं इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून समुद्रावर काढलेला माणूस आमच्या भिंतीला ओल आलेल्या खोलीत आधी अर्थिंग का तपासत बसला होता, ते मला तेव्हा उमगलं.

वेगाचा प्रश्न मग तुम्ही सरळ मार्गाने सोडवलात. सिंकच्या लॉगसाठी (लेखन आधी पटकन टिपून ठेवायची जागा) वेगळा एसएसडी लावला, तोही माझा साधा बाजूला ठेवून. त्यात कपॅसिटर नाहीत, वीज गेल्यावर हातातलं लेखन तो पुरं करू शकत नाही. तुम्ही सर्व्हरमधून निघालेला एक जुना एसएसडी शोधून आणलात, क्षमतेने लहान. पुरेल का, असं मी विचारलं होतं. झेडएफएस दर पाच सेकंदांनी सगळं मुख्य डिस्कवर उतरवतं आणि गिगाबिटवरून पाच सेकंदांत सहाशे एमबीसुद्धा येत नाहीत, हे उत्तर मी तेव्हा वहीत लिहून घेतलं.

दर रविवारचं स्क्रबही (सगळा डेटा वाचून तपासणं) चालू आहे. श्रावणात एका डिस्कसमोर चेकसमच्या चुका (वाचलेलं मूळ लेखनाशी न जुळणं) दिसल्या. मी नवी डिस्क मागवणारच होते. तुम्ही फोनवर स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९९ नंबरचा आकडा वाचायला लावलात. तो वाढत होता, म्हणजे दोष डिस्कचा नव्हता, साटाच्या केबलचा होता. नवी केबल लावली, चुका थांबल्या. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हेही पाळते आहे: शनिवारी स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) दुसऱ्या डिस्कवर जातो आणि ती डिस्क माझ्याबरोबर घरी येते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. भाजी-पाव आणि चहा एवढ्यावर पाच वेळा आलात. मी कितीदा 'थँक्यू काका' म्हटलं असेल, पण कशासाठी, ते नीट कधी सांगितलंच नव्हतं. माझी ती सिंक बंद केलेली मांडणी तशीच राहिली असती, तर मंगळवारी मी पुन्हा चौदा मुलांसमोर गप्प उभी राहिले असते. साखळीची मुलगीही त्या चौदांत होती. तिने वाचनालयाची नोंदवही पुन्हा उभी केली आहे. लाईट आल्यावर तिने सगळ्यांत आधी तीच उघडली.

एक काम मात्र आहे. चारही डिस्कच्या खणांवर तुम्ही सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून चिकटवले होते. काल तिसरी डिस्क खरंच गेली. मुलांनी तुमचं अक्षर वाचून बरोबर तीच काढली आणि मी फक्त पाहत राहिले. नवी बसली, रिसिल्व्हर (जोडीच्या डिस्कवरून नवीवर डेटा भरणं) पूर्ण झाला, व्हीएम एकदाही थांबल्या नाहीत. पण त्या खणावर आता जुना नंबर आहे. चवथीनंतर या, नवी चिठ्ठी तुमच्याच हाताने लिहायची आहे. काकूंनाही घेऊन या.

तुमची,
फोंड्याच्या वर्गातली मास्तरीण